साठावी सही

नियम साधा आहे : आपल्या माणसांची नव्वद नावं,
आणि आसपासच्या, आपल्या नसलेल्या साठ जणांच्या सह्या,
प्रत्येक सहीला ओळखपत्राची झेरॉक्स जोडलेली.
नव्वद एका रविवारात झाली.
साठांना चौथं वर्ष लागलंय.

मी शिवणकाम करते, पश्चिम जावात,
चिबुलानच्या तिसऱ्या गल्लीत.
ईदच्या आधी महिनाभर माझं मशीन थांबत नाही.
म्हणून पास्टर म्हणाले, तिउर्मा, तूच जा,
तुला सगळ्यांची मापं ठाऊक.

मापं ठाऊक आहेत.
एंकोसचा डावा खांदा बोटभर उतरलेला,
गॅसच्या टाक्या वाहून वाहून.
त्याने टाकीवरच कागद ठेवून सही केली, वाचलंही नाही.
कोकोमबाई म्हणाल्या, नवऱ्याला विचारते.
नवरा म्हणाला, गल्लीच्या प्रमुखाला विचारतो.
प्रमुख म्हणाला, माझी काहीच हरकत नाही,
पण लोक.
लोकांचं घर कितवं, ते त्याने सांगितलं नाही.

यासिनच्या सुंतेचा सदरा मी शिवला होता.
त्याच यासिनने पोरं जमवून
आमच्या जागेच्या तारेवर विरोधाचा फलक बांधला.
कापड चांगलं होतं.
कडेला एकेरी टाका, दोन पावसांत उसवणार.

जागा चौदा मीटर बाय नऊ.
एका अंगाला माशांचं तळं, दुसऱ्या अंगाला कोंबडीवाला.
रविवारी आम्ही तिथे छत्र्या उघडून गातो, हळू,
जसं झोपलेलं मूल शेजारच्यांचं असावं.

काहींनी दिवसा सही दिली
आणि रात्री मागच्या दाराने परत मागायला आले.
मी खोडून दिली. उसवायची सवय आहे मला.
दोरा निघतो, भोकं राहतात.

एकोणसाठ.

शेवटचं घर हाजी मुस्लिह यांचं.
चहा आला, उकडलेल्या शेंगा आल्या,
त्यांनी पंखा स्वतःकडून माझ्याकडे वळवला.
म्हणाले, चर्चला माझा विरोध नाही, पोरी.
फक्त इथे नको. जरा पलीकडे.

जरा पलीकडे.
हे मी आधी ऐकलं होतं, आमच्या बाताक बोलीत,
तोबा सरोवराच्या वरच्या एका गावात,
माझ्या बापाच्या तोंडून.
मी नऊ वर्षांची, कंदिलाची काच पुसत होते.
दारात मिनांग कापडवाला उभा, काखेत गाठोडं.
गावात त्यांची सात घरं,
ओढ्याकाठी एक लाकडी नमाजघर हवं होतं.
बाप म्हणाला, तुमच्याशी वैर नाही आमचं,
पण इथे नको, जरा पलीकडे.
पलीकडे दरी होती.

कापडवाला रागावला नाही.
जाताना आईला चार वार चीट उधारीवर देऊन गेला.
त्या चिटावर मी शिवायला शिकले.

हे हाजींना सांगावं का?
सांगितलं तर म्हणतील, बघ, तुम्हीही तसलेच.
शेंगांची सालं वाटीत साठत होती.
सांगितलं.

ते बराच वेळ वाटीकडे बघत राहिले.
मग विचारलं, मग बांधलं का त्यांनी कुठे?
ठाऊक नाही, म्हटलं.
आमच्या घरात कुणी कधी विचारलंच नाही.

अजान झाली. ते उठले.
कागद राहू दे, म्हणाले, शुक्रवारनंतर बघू.
आणि चपला शोधता शोधता :
यंदा सदऱ्याचा गळा सैल ठेव, मागच्या वर्षी काचला.

वहीत लिहिलं : हाजी मुस्लिह, गळा एक्केचाळीस, बाही तीच.

रात्री गावी भावाला फोन लावला.
ते ओढ्याकडचे लोक, म्हटलं,
ते आता कुठे रे करतात नमाज?

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता.
तो म्हणाला,
कोण लोक?